टोपीचं टिचबटण

बस्त्याव,

त्या दिवशी सकाळी सात वाजून गेले तरी तुझी गाडी दुकानावरून गेली नाही, हे माझ्या लक्षात आलं होतं. हे आधी सांगून टाकतो. चार महिने मी तुझ्याकडे मान वर करून बघितलं नाही, म्हणून तुला वाटलं असेल की मास्तरला आपलं येणं-जाणं कळतच नाही. सगळं कळत होतं. फुलपाड्याच्या आमच्या रस्त्यावरून सकाळी गाड्यांची रीघ असते, पण तुझ्या गाडीचा फाटका आवाज मी मशीन चालू असतानाही ओळखायचो. दुकानासमोर आली की ती जरा मंद व्हायची आणि मग पुढे स्टेशनकडे जायची. त्या दिवशी मी एका पोरीच्या सनकोटाची बाही लावत होतो. ती उलटी लागली. उसवली, परत लावली, परत उलटी. तेवढ्यात मार्थावहिनीचा फोन आला.

"मास्तर, अनिताचा पप्पा गेला," एवढंच ती म्हणाली.

मी विचारलं, "गाडीवरून?"

बघ माझी अक्कल. मित्र गेला म्हणून सांगतायत आणि मी काय विचारतो, तर गाडीवरून का. ती म्हणाली, नाही, वाडीत. तू चाफ्याची फुलं उतरवलीस, टोपली भरलीस, झाडाला टेकून बसलास आणि पाणी मागितलंस. वहिनी तांब्या घेऊन येईपर्यंत संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, हृदय. गाडी पडवीतच उभी होती. हे ऐकल्यावर माझ्या छातीवरचं काहीतरी उतरलं, बस्त्याव. मला बरं वाटलं. सव्वीस वर्षांचा दोस्त गेल्यावर ज्याला पहिल्यांदा बरं वाटतं असा माणूस मी आहे, आणि त्याचं कारण तुला आणि मला दोघांनाच ठाऊक होतं. एक टिचबटण.

तू पहिल्यांदा दुकानात आलास तेव्हा थंडी होती आणि तुझ्या अंगात स्वेटर उलटा होता. बटणं पाठीवर. शिंप्याच्या दुकानात कोणी असा येतो का? मी म्हटलं, "बटणं मागे कोणी लावून दिली?" तू अगदी शांतपणे म्हणालास, "वारा पुढून येतो मास्तर, मागून नाय." मग शर्टात हात घालून छातीवर ठेवलेलं वर्तमानपत्र बाहेर काढलंस, गुडघ्यावर सरळ केलंस आणि मी माप घेईपर्यंत वाचत बसलास. मापही तुझं नव्हतं, गाडीचं होतं. तुझ्या गास गावाहून विरारला चाफा आणायचा म्हणून सीटच्या दोन्ही बाजूंना लोंबतील अशा ताडपत्रीच्या पिशव्या तुला हव्या होत्या. फुलं दबली नाही पाहिजेत, वारा लागला नाही पाहिजे, आणि पिशवी पायाला घासली नाही पाहिजे. एवढी कटकट लग्नाच्या सुटालाही कोणी केली नव्हती. त्या पिशव्या मी तीनदा उसवल्या. चौथ्यांदा तू म्हणालास, "आता जमली," आणि ओंजळभर चाफा कात्रीशेजारी ठेवून गेलास. दिवसभर दुकानात कापडाच्या खळीचा वास कोणाला आलाच नाही.

तेव्हा गाडीवर बसायचे कपडे असे वेगळे नसायचेच. माणूस घरातून जसा निघाला तसाच गाडीवर. उन्हाळ्यात रुमाल, थंडीत माकडटोपी, पावसात प्लास्टिकचं इरलं झालेला रेनकोट. आमची ही एका बाजूला पाय सोडून बसायची, आणि एकदा तिचा पदर चाकात गेला तेव्हा तू स्वतःच्या हाताने आमच्या गाडीला जाळी ठोकून दिलीस. तुझी आई मात्र काष्ट्याचं लाल लुगडं नेसून दोन्हीकडे पाय टाकून ऐटीत बसायची. माझ्या हिला ती म्हणायची, "पोरी, तुझ्या पाचवारीत काय दम नाय." म्हातारी सगळ्यांच्या पुढे होती. आता दुकानावरून जाणाऱ्या पोरी तिच्यासारख्याच बसतात, नव्हे, पुढे बसून गाडी चालवतात, आणि मी त्यांना हातभर लांब बाह्यांचे सनकोट शिवून देतो. कपाळापासून हनुवटीपर्यंत स्कार्फ, हातात मोजे, डोळ्यांवर गॉगल. शेजारची पोर समोरून गेली तरी ओळखू येत नाही. तीच हाक मारते, "काका, ओळखलं नाय का?" तेव्हा कळतं.

तुला याचाच राग होता. तोंड झाकून गावातून जायचं म्हणजे काय, असं तू म्हणायचास. "कोन चाललाय ते माणसाला कळायला नको काय? पूर्वी गासपासून विरारपर्यंत हात वर करून करून माझा खांदा दुखायचा. आता मी हात वर करतो आणि समोरचा डोकं फिरवून जातो. तो कोन, मी कोन, कायच कळत नाय."

मी म्हणायचो, जग बदललं. तू म्हणायचास, जगाला बदलू दे, तोंड कशाला बदलायला पायजे.

मग अनिताने ते जॅकेट आणलं. तुझी मुलगी नोकरीला लागली, मोठी गाडी घेतली, रविवारी चर्चमधली सकाळची मिस्सा झाली की मित्रमैत्रिणींच्या गटाबरोबर जव्हारच्या घाटापर्यंत जाऊन यायला लागली. जॅकेटच्या बाह्या लांब झाल्या म्हणून ते माझ्याकडे आलं. मी अस्तर उसवून बघतो तर कोपराला वाट्या, खांद्याला वाट्या, पाठीला हातभर लांब, जाड फळी. माझ्या आयुष्यात मी असलं काही शिवलं नव्हतं. तू स्टुलावर बसून ती पाठीची फळी बोटाने ठोकून बघितलीस आणि म्हणालास, "मास्तर, पोरगी नाय, कासव झाली." पण ते जॅकेट घरी नेताना तू सीटवर न टाकता अंगात घातलंस. बाह्या तोकड्या, पोटावर चेन लागेना, तरी तसाच गेलास. मी मागून हसत होतो. तुला ते आवडलं होतं, बस्त्याव, कबूल कर.

त्याच अनिताने तुला हेल्मेट आणून दिलं. तू त्याला शेवटपर्यंत टोपीच म्हणालास. पहिले सहा महिने ती टोपी तुझ्या कोपरात अडकलेली असायची. परतीच्या वाटेवर तिच्यात कधी लिंबं असायची, कधी अर्धा डझन अंडी, एकदा तर माझ्या हिने दिलेले तिळाचे लाडू. अनिता चिडायची. मी चिडायचो. मी म्हणायचो, "अरे, डोक्यात घालायची वस्तू आहे ती." आणि तू प्रत्येक वेळी तेच सांगायचास, "वाटेवर क्रूस हायत."

हे तुझं मला पहिल्यांदा कळलं ते तुमच्या गावच्या सणाला. तू मला जेवायला घेऊन चालला होतास, मी मागे बसलो होतो. पूल उतरून आपण पश्चिमेला आलो, वाड्या लागल्या, आणि तू एकदम डाव्या हाताने डोक्यावरची कापडी टोपी उचललीस आणि परत ठेवलीस. मला वाटलं, खाज आली. थोडं पुढे गेलो, परत उचललीस. विहिरीजवळ परत. चिंचेखाली परत. शाळेच्या वळणावर परत. प्रत्येक ठिकाणी रस्त्याच्या कडेला एक दगडी क्रूस होता, कोणी हार घातलेला, कोणी मेणबत्ती लावलेली. मी विचारलं तेव्हा तू म्हणालास, "देवासमोर डोकं झाकून जायचं नसतं. माझा बा करायचा, त्याचा बा करायचा. तू देवळात जाताना चप्पल काढतो ना?"

मी म्हटलं, "काढतो. पण चालत्या गाडीवरून नाही काढत."

तू एवढ्या मोठ्याने हसलास की गाडी वाकडीतिकडी झाली. पण हसून झाल्यावर पुढच्या क्रुसाला टोपी उचललीसच. आणि आता हेल्मेट आलं. हनुवटीखाली पट्टा, पट्ट्याला बक्कल. ते एका हाताने सुटत नाही आणि सुटलं तर एका हाताने लागत नाही. प्रत्येक क्रुसाला थांबून, बक्कल काढून, टोपी उचलून, परत बक्कल लावून निघायचं, तर चाफा वाटेतच उमलायचा. हा तुझा पेच खरा होता. मला तेव्हा तो विनोद वाटला, ही माझी चूक.

गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी फुलं देऊन परत येताना तू दुकानात आलास, टोपी माझ्या मशीनवर ठेवलीस आणि म्हणालास, "मास्तर, बक्कल काढ. टिचबटण लाव."

टिचबटण म्हणजे आपलं ते दाबून लावायचं पत्र्याचं बटण. लहान मुलांच्या झबल्याला लावतात, पर्सला लावतात. बोटाने ओढलं की टिच्‌ करून सुटतं, दाबलं की टिच्‌ करून लागतं. मी नाही म्हणायला हवं होतं. कामाचा माणूस म्हणून मला कळत होतं की ते बटण झबल्याचं आहे, डोक्याचं नाही. पण तू समोर बसला होतास, आणि निदान टोपी कोपरातून डोक्यावर तरी येईल असा मी हिशोब केला. आणि खरं सांगू, मला ते काम करून बघायचं होतं. पट्टा जाड होता, मी चामड्याचा तुकडा आतून लावला, दोन बटणं ठोकली, चांगलं सफाईदार काम झालं. तू घालून बघितलंस. टिच्‌, उचललीस. टिच्‌, ठेवलीस. लहान मुलासारखं चारदा करून बघितलंस. मी काढलेलं बक्कल तुझ्या हातात दिलं आणि म्हणालो, "ठेव. कधी अक्कल आली तर लागेल." तू ते शर्टाच्या खिशात टाकलंस.

श्रावणात तू पडलास. विहिरीजवळच्या वळणावर, शेवाळावरून. क्रुसासमोर टोपी उचलून ठेवली होतीस, बटण नीट लागलं नव्हतं की लागून सुटलं, देव जाणे. तू एका बाजूला आणि टोपी केळीच्या पाटात. भुवईवर टाके पडले. दोन दिवसांनी कपाळाला पट्टी लावून तू दुकानात आलास, हसतच, "मास्तर, तुझं काम डॉक्टरने केलं बघ. पन तुझ्यासारखी सफाई नाय." मग टोपी पुढे केलीस. "बटण ढिलं झालंय. नवीन ठोक."

माझं डोकंच फिरलं. गिऱ्हाइकं उभी होती, तरी मी ओरडलो. काय काय बोललो ते मला शब्दन्‌शब्द आठवतं, आणि तुलाही आठवत असणार. मी म्हटलं, "तुझ्या मरणाला माझी शिलाई नको. दुसरा मास्तर बघ." टोपी तुझ्या पोटावर ढकलली. पट्टीखालून माझ्याकडे बघितलंस, टोपी कोपरात अडकवलीस आणि गेलास.

मी तुझ्यावर ओरडलो नव्हतो, बस्त्याव. मी घाबरलो होतो. ते बटण मी लावलं होतं. त्या दोन दिवसांत मी तुला मनातल्या मनात वळणावर पडलेला किती वेळा बघितलं ते माझं मला माहीत, आणि प्रत्येक वेळी टिच्‌ असा आवाज यायचा. हे तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगणं सोपं होतं. त्याऐवजी मी वाट बघत बसलो की तू येशील आणि माफी मागशील. कसली माफी मागणार होतास, कोण जाणे.

दुसऱ्या दिवसापासून तू रोज दुकानावरून जायचास, पण आत यायचा नाहीस. डोळ्यांच्या कोपऱ्यातून मला दिसायचं. टोपी डोक्यावर असायची. समोर आलास की गाडी मंद करायचास, टोपीची पुढची काळपट काच वर करायचास, माझ्याकडे बघायचास, आणि काच खाली करून जायचास. मला वाटायचं, डिवचतोय. दुसऱ्याकडून बटण लावून घेतलं, हे दाखवतोय. माझी मान अजून खाली जायची. पाय मशीनवर जोरात पडायचा. असे चार महिने. आमची ही रोज म्हणायची, "दोघंही पोरकट आहात, उद्या हाक मारा." मी म्हणायचो, नाताळला तो केक घेऊन येईलच, तेव्हा बघू. दरवर्षी यायचास. मी तुझ्यासाठी राखाडी रंगाचं जाड कापडही बाजूला काढून ठेवलं होतं, पुढून बंद असलेलं जर्किन शिवायचं म्हणून, म्हणजे पुन्हा स्वेटर उलटा घालायला नको. नाताळ तोंडावर आला आणि तू गेलास.

पेटीत तू सूट घातला होतास. सूट मीच शिवलेला, अनिताच्या चर्चमधल्या दृढीकरणाच्या विधीच्या वेळचा. बटणं पुढे होती. मला एवढंच दिसत होतं.

सातव्या दिवसाच्या मिस्सेला मी आलो. मागच्या बाकावर बसलो. चर्चच्या भिंतीला टेकून हेल्मेटांची रांगच रांग लागली होती, काळी, लाल, एक गुलाबीसुद्धा. बाहेर आल्यावर प्रत्येकजण आपापली टोपी शोधत होता. तुझ्या घरी चहा घेतला. निघताना मार्थावहिनी आतून तुझी टोपी घेऊन आली. "ही तुमी न्या. अनिता बोलते, मास्तरकाकांना दे."

मी घ्यायला तयार नव्हतो. मला ते बटण बघायचं नव्हतं. तिने टोपी उलटी करून माझ्या हातात दिली.

बटण नव्हतं. पट्ट्यावर जुनं बक्कल होतं, मीच काढून तुझ्या हातात दिलेलं. ते सुतळीने शिवलं होतं. गोणीचं तोंड शिवतात तसे वाकडेतिकडे, बोटभर लांब टाके, एकावर एक. चार ठिकाणी गाठी. सुतळीवर रक्ताचा वाळलेला डाग. एवढी वाईट शिलाई मी जन्मात बघितली नाही. आणि मी ती ओढून बघितली, दोन्ही हातांनी, जीव लावून. सुटली नाही.

"कधी शिवली?" मी विचारलं.

"तुमच्याशी भांडून आला ना, त्याच दिवशी. पडवीत बसला दाभण घेऊन. मी बोलले, मास्तरकडून करून आणा, त्यांचं काम हाय. तर बोलला, मास्तर घाबरलाय, त्याला त्रास नको देऊ. बोटात दाभण घुसवून घेतला, तरी सोडलं नाय."

तुला कळलं होतं. मी न सांगता तुला कळलं होतं.

"मग क्रूस?" मी विचारलं. "टोपी कशी उचलायचा?"

"नाय उचलायचा. फादरला जाऊन विचारून आला. फादर हसले, बोलले, तोंड दाखव म्हणजे झालं. मंग प्रत्येक क्रुसाला काच वर करायचा." वहिनीने टोपीची काच हाताने पुसली. खालच्या कडेवर मधोमध अंगठ्याएवढी जागा घासून पांढुरकी झाली होती. "तुमच्या दुकानासमोर पन करायचा. घरी आला की सांगायचा, आज पन काच वर केली. मास्तर मान वर करीत नाय."

फुलपाड्यात माझ्या दुकानासमोर क्रूस नाही, बस्त्याव. पानाची टपरी आहे आणि विजेचा खांब आहे. मी रिक्षात बसून घरी येईपर्यंत टोपी मांडीवर धरून होतो. रिक्षावाला विचारत होता, "अंकल, गाडी कहाँ है?"

टोपी दुकानात टांगली आहे, मशीनच्या वर. गिऱ्हाइकं ते टाके बघून हसतात. परवा एकजण म्हणाला, "मास्तर, हे तुमचं काम?" मी म्हटलं, "नाही, माझ्या दोस्ताचं. मला असं येत नाही." ते राखाडी कापड अजून कापलेलं नाही. अनिता म्हणते, तिला त्याचं जर्किन चालेल. तिचं माप घ्यायला हात पुढे होत नाही, पण होईल.

बाकी सांगायचं तर एवढंच, की सात वाजले की मशीनवरचा पाय आपोआप थांबतो. रस्त्यावरून गाड्या जातात. सगळ्यांच्या डोक्यावर टोप्या, सगळ्यांच्या काचा खाली, आत कोण आहे कळत नाही. तू म्हणायचास ते खरं होतं. मी तरीही प्रत्येक गाडीला मान वर करतो. लोकांना वाटतं, मास्तर गिऱ्हाइकाची वाट बघतोय. वाटू दे. उशीर झाला, बस्त्याव, पण आता रोज करतो.